संपतआबांचं भेट कलम

कंडक्टरकीच्या माझ्या सगळ्या नोकरीत झाडासाठी हाफ तिकीट मागणारा प्रवासी मला एकच भेटला. ते म्हणजे संपतआबा.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं, मीही नोकरीत नवीन होतो. मेहकरहून निघायचं, बीबीवरून देऊळगाव राजाला जायचं आणि दुपारी त्याच वाटेनं परत यायचं, अशी माझी गाडी. उन्हाळा संपत आला होता, म्हणजे संपत आला असं पंचांग म्हणत होतं. खिडकीच्या गजाला हात लावला की चटका बसायचा. अशात बीबीच्या अलीकडच्या एका फाट्यावर एक उंच, काटक म्हातारा गाडीत चढला. डोक्याला पांढरा रुमाल, मिशा एखाद्या फौजदाराला शोभतील अशा, आणि पोटाशी धरलेली मातीची कुंडी. कुंडीत हातभर उंचीचं गावठी आंब्याचं रोप.

"मास्तर, बीबी. एक फुल, एक हाफ."

मी सीटखाली वाकून पाहिलं. पोरगं कुठे दिसेना.

"हाफ कोणाचं, आबा?"

"ह्याचं," आबांनी कुंडीकडे बोट केलं.

"आबा, ते सामान आहे. त्याला तिकीट नाही लागत."

"सामान?" आबांचा चेहरा मी त्यांच्या नातवाला शिवी दिल्यासारखा झाला. "हे पाणी पेते का नाही?"

"पितं."

"उन्हानं सुकते का नाही?"

"सुकतं."

"सीटवर बसलं हाये का नाही?"

ते खरोखरच बसलं होतं. आबांनी त्याला खिडकीशी जागा दिली होती.

"मंग जे जित्तं हाये अन् सीटवर बसून राह्यलं, ते सामान कसं? शास्त्रात बसत नाही."

मागून एकजण ओरडला, "मंग माह्या कोंबडीचंही तिकीट फाडा लागंन!"

आबा मागे वळले. "तुमची कोंबडी संध्याकाळी रश्शात जाईन. माह्या रोपाले आंबे लागणार हायेत. बरोबरी करू नोका."

शेवटी मी हाफ फाडलं. आबांनी ते नीट घडी घालून कुंडीतल्या मातीत खोचलं. तपासणीस आला तर रोपाला उठवायला नको, म्हणून.

'शास्त्रात बसत नाही' हा आबांचा शेवटचा शब्द असे. चहात साखर आधी टाकली तर ते शास्त्रात बसत नसे. गाडीला मागून चढलं तर बसत नसे. हे शास्त्र कोणी पाहिलेलं नव्हतं. ते कोणाला विचारायचं, तर आबांनाच.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा फाट्यावर उभे. आज रोप नव्हतं. हातात झाकणाची पितळी किटली होती, दूधवाल्याकडे असते तशी. मला वाटलं दूध आहे.

"पाणी हाये," आबा म्हणाले. "कलमाले."

तेव्हा उलगडा झाला. आबांना बीबीतल्या एका आंब्याचं कलम करायचं होतं. पद्धत भेट कलमाची. म्हणजे गावठी रोप कुंडीसकट त्या चांगल्या झाडाजवळ न्यायचं, फांदीच्या उंचीवर लाकडाचा माच बांधून त्यावर कुंडी ठेवायची, रोपाची आणि फांदीची थोडी थोडी साल काढून दोघांना एकमेकांना लावून सुतळीनं बांधायचं. दोघंही आपापल्या मुळावर जगत राहतात आणि हळूहळू जुळतात. पुरते जुळले, की फांदी जोडाच्या खाली कापायची आणि कुंडी घरी आणायची. याला दोन-अडीच महिने सहज लागतात, आणि तेवढे दिवस कुंडीला कोणीतरी रोज पाणी घालावं लागतं.

"पण आबा, बीबीत पाणी नाही का?"

"हाये नं."

"मग इथून किटली कशाला?"

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. "तिथलं पाणी चालत नाही," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, खारं असेल. लोणारचं सरोवर काही फार लांब नाही. पण बीबीच्या स्टँडवर आमची गाडी चहाला थांबायची आणि तिथलं पाणी मी रोज पीत होतो. चांगलं गोड होतं.

तो आंबा स्टँडवरूनच दिसायचा. रस्त्यापलीकडे एक मातीचं घर, पुढे काट्यांचं कुंपण, कुंपणाच्या आत अंगण, अंगणात तो आंबा आणि आंब्याला बांधलेली एक म्हैस. आबा जायचे, फाटक उघडायचे, घराकडे न बघता माचाशी जायचे आणि किटलीचं पाणी कुंडीत धार धरून ओतायचे. मग झाडाखालच्या दगडावर घराकडे पाठ करून बसायचे. दुपारी आमची परतीची गाडी येईपर्यंत तिथंच.

"पाणी घालायला सगळा दिवस?" मी एकदा विचारलं.

"कलमाले सोबत लागते, मास्तर. एकटं राह्यलं त दचकते."

हेही शास्त्रातच असणार.

आता या गोष्टीत गुलाबराव आले. गुलाबराव मेहकरकडचे संत्र्याचे बागाईतदार. त्यांची स्वतःची रोपवाटिका होती, आणि आठवड्यातून दोन-तीनदा ते आमच्या गाडीनं देऊळगाव राजाला जायचे. जाडजूड, बोलायला फटकळ. त्यांच्या धोतराच्या कनवटीला सदैव कलमाचा चाकू. पहिल्यांदा किटलीची हकीकत ऐकली तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आबांनी त्यांना किटलीतलं पाणी दिलं नाही. ते कलमाचं होतं.

"आबा," गुलाबराव सावरून म्हणाले, "आजच्या जमान्यात कोणी भेट बांधते का? झाड तिकडं, कुंडी तिकडं, अन् तुम्ही मधात बसमधून पाणी वाहून राह्यले! एक काडी आणा त्या आंब्याची. घरी रोपाचा शेंडा चिरून त्यात पाचर मारून देतो. महिन्यात फुटते. माह्या संत्र्याचे डोळे त मी बोलता बोलता भरतो."

"काडी तोडून आणायची?" आबा म्हणाले. "म्हंजे आधी तोडायची, अन् मंग जोडायची?"

"हाव. मंग काय झालं?"

"आधी तोडून मंग जोडायचं, हे शास्त्रात बसत नाही. भेटमधी कसं, आधी जुळते, मंग तोडा लागते. जुळल्यावर तोडलं त दुखत नाही."

"झाडाले दुखते काय बे आबा!"

"तुम्हाले कोणं सांगतलं नाही दुखत म्हणून? संत्र्यानं?"

त्या दिवसापासून आमच्या गाडीत दोन पक्ष पडले. डावीकडचे भेटवाले, उजवीकडचे पाचरवाले. नवीन माणूस चढला की त्याला आधी विचारायचे, तुम्ही कोणत्या बाजूचे, आणि मगच सरकून जागा द्यायचे. आमचे ड्रायव्हर रहीमभाई यांच्या घरी डाळिंबाचं एक झाड होतं, ते गुटी कलमाचं. म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिची साल काढून, तिथे ओलं शेवाळ बांधून, तिलाच मुळं फोडायची. त्यामुळे रहीमभाई स्टेअरिंगवरून मान वळवून म्हणायचे, "अरे गुटी बांधो, गुटी! झगडाच खतम!" आणि दोन्ही पक्ष एकदम ओरडायचे, "रहीमभाई, समोर पाहा!" गुटीवाले गाडीत ते एकटेच होते.

भेटवाल्यांमध्ये मुख्यतः म्हातारी माणसं आणि लग्न ठरवायच्या उद्योगात असलेल्या बाया होत्या. त्यांना ती पद्धत मनापासून पटली होती. त्यातल्या एकीनं तर आपल्या लेकीचं स्थळ याच कारणानं परत पाठवलं. पोराकडचे म्हणे एका भेटीतच हो म्हणत होते, घाई फार करत होते.

पावसाळा आला आणि मला वाटलं, आता किटली सुटेल. पण आबा फाट्यावर उभेच. एका हातात किटली, दुसऱ्या हातात छत्री. बीबीला उतरले, फाटक उघडलं, माचावर चढले आणि छत्री उघडून कुंडीवर धरली. स्वतः भिजत होते. मग छत्रीखाली हात घालून कुंडीला किटलीचं पाणी घातलं.

आख्खी गाडी खिडक्यांना लागली होती. चहाचा कप हातात तसाच.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "आबा, हे मात्र हद्द झाली. पावसाचं पाणीही चालत नाही?"

"पावसाचं चालते," आबा चिडून म्हणाले. "पाऊस देवाचा हाये. पण तो आधी त्या आंब्याच्या पानावर पडते अन् मंग खाली गळते. म्हंजे ते पाणी त्या झाडाचं झालं. झाड त्या अंगणातलं. अंगण त्या घराचं. म्हंजे ते पाणी त्या घरचं झालं."

गाडीत लोक मनातल्या मनात तपासत होते.

"वारं तिरपं असलं त?" एका पाचरवाल्यानं विचारलं. "पाऊस बाजूनं, सरळ कुंडीत पडला त?"

आबांनी विचार केला. "तिरपा चालंन," ते म्हणाले.

तेव्हापासून आबा बीबीला उतरले की आधी बोट ओलं करून वारा बघायचे. वारा तिरपा असला की छत्री मिटायचे.

गुलाबरावांना त्या दिवशी हसू आलं नाही. ते पुढे सरकून आबांच्या शेजारी बसले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "आबा, त्या घराचं पाणी तुम्हाले काऊन चालत नाही?"

मग आबांनी सांगितलं. असं सांगितलं, जणू ही दुसऱ्याच कोणाची भानगड आहे.

ते घर त्यांच्या धाकट्या बहिणीचं, चंद्राबाईचं. आबांच्या वावरात त्यांच्या आईच्या हातचा एक आंबा होता. चंद्राबाईच्या लग्नात आबांनी त्याच आंब्याचं भेट कलम बांधून बहिणीबरोबर तिच्या सासरी पाठवलं होतं. अंगणातलं झाड म्हणजे तेच. पुढे आई गेली. आणि काही वर्षांनी आबांनी वावरातला तो आईचा आंबा तोडला.

"काऊन?" गुलाबराव.

"घराले नवा दरवाजा पाह्यजे होता."

"आंब्याच्या लाकडाचा दरवाजा?"

"वाळवीनं खाल्ला," आबा म्हणाले. "दोन पावसाळेही नाही टिकला."

झाड पडल्याचं कळल्यावर चंद्राबाई आली होती. बुंध्यापाशी उभी राहून म्हणाली, आई पुन्हा मेली माझी, आणि या खेपेला तू मारली. आबांना राग आला. चूक आपली असली की त्यांना राग जास्त यायचा. सगळ्या वस्तीसमोर ते बोलून गेले, आजपासून तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. तिनं पदर खोचला आणि चालत बीबीला गेली. मधल्या काळात तिचा नवरा वारला, मुलगा नोकरीला जालन्याला गेला, घरात ती आणि म्हैस उरली. दोघं भाऊबहीण त्यानंतर बोलले नव्हते. आणि आता वय झाल्यावर आबांना आईच्या आंब्याचं झाड पुन्हा आपल्या वावरात हवं होतं. ते जगात एकाच अंगणात शिल्लक होतं.

"मग त्यांनी कलम बांधू कसं दिलं?" मी विचारलं.

"इचारलंच नाही. कुंडी घेऊन गेलो, माच बांधला. ते दारात उभी राह्यली, पाहून राह्यली. हाकललं नाही."

"पण पाणी तर कलमाला घालायचं. शपथ तुमची आहे, कलमाची नाही."

"कलम माह्यं हाये, मास्तर. माह्यं असून त्यानं त्या घरचं पेलं, त मीच पेलो असं होते. शास्त्रात..."

"बसत नाही," अर्धी गाडी म्हणाली.

त्यानंतर आम्ही सगळे बीबीच्या थांब्यावर जरा जास्त लक्ष देऊन बघू लागलो. आणि लक्षात आलं की त्या अंगणात बोलणं चालायचं. चहाची टपरी कुंपणाला लागूनच होती, त्यामुळे ऐकूही यायचं. चंद्राबाई दारात यायची, बारीकशी, ताठ, हातात शेणाचं घमेलं, आणि म्हशीला म्हणायची, "माणसानं उन्हात बसू नाही बाई. भोवळ येते. सावली तिकडं सरकली."

आबा कुंडीला म्हणायचे, "आपल्याले उन्हाची सवय हाये." आणि मग दगड उचलून सावलीत न्यायचे.

एकदा ती म्हशीला म्हणाली, "आज ठेचा केला. खाणारं कोणी नाही." आबांनी कुंडीला सांगितलं, "ठेच्याची काही शपथ नोती." मग चंद्राबाईनं भाकरी आणि ठेचा म्हशीसमोरच्या खांबावर ठेवला आणि आत गेली. म्हैस पोचायच्या आत आबा पोचले. झणझणीत ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाण्याला हात नाही. किटली तर कुंडीत रिकामी झालेली. परतीच्या गाडीत चढले ते जीभ बाहेर काढून. रहीमभाईंनी आपली बाटली दिली.

इकडे गाडीत वेगळंच चाललं होतं. पाचरवाल्यांनी गुलाबरावांच्या मागे लकडा लावला, की बोलता काय, करून दाखवा. गुलाबराव एक दिवस रोप घेऊनच गाडीत बसले. बीबीला उतरून सरळ चंद्राबाईकडे गेले आणि आंब्याची एक काडी मागितली.

"घ्या नं," ती म्हणाली. "झाड का माह्या एकटीचं हाये?" हे ती गुलाबरावांशी बोलली, पण जरा मोठ्यानं.

परतताना गाडीच्या मागच्या सीटवर कलम सुरू झालं. चालत्या गाडीत कलम! गुलाबरावांनी रोपाचा शेंडा उडवला, त्याला मधोमध चीर दिली. काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासायचं, एवढंच काम होतं. पण आमच्या रस्त्याला तेव्हा डांबर यायचं होतं. दोन कार्यकर्ते गुलाबरावांचे खांदे धरून उभे, एकानं रोप धरलेलं, एकजण खिडकीतून डोकं काढून पुढचे खड्डे पुकारत होता. खड्डा आला की गुलाबराव चाकू वर उचलायचे आणि सगळी गाडी श्वास धरायची. रहीमभाई बैलगाडीच्या चालीनं चालवत होते. एका बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलंही.

"आता! आता सपाट हाये!" खिडकीतला ओरडला. गुलाबरावांनी पाचर चिरेत बसवली. बांधायला केळीचं सोपट आणायचं ते विसरले होते. त्यांनी क्षणभर इकडे तिकडे पाहिलं, मग स्वतःच्या धोतराचा काठ टर्रकन फाडला आणि गुंडाळला. टाळ्या पडल्या. भेटवाल्यांमधल्याही दोघांनी वाजवल्या, आणि आबांनी बघितल्यावर हात मांडीखाली घेतले.

मेहकरला पोचायला इतका उशीर झाला की कारण लिहावं लागलं. मी 'रस्त्यात बांधकाम' असं लिहिलं. खोटं नव्हतं.

गुलाबरावांनी ते रोप आपल्या वाटिकेत ठेवलं. दिवस गेले. श्रावण लागला आणि एका सकाळी गुलाबराव मेहकरला गाडीत चढले ते नवरदेवासारखे. हातात रोप. काडीच्या टोकाला तांबूस, मऊ, लोंबती पालवी.

फाट्यावर आबा चढले. गुलाबरावांनी थेट रोप त्यांच्या मांडीवर ठेवलं. पाचरवाल्यांनी आरोळी ठोकली. कोणीतरी पेढे आणले होते, ते वाटायला सुरुवात झाली. आबांच्या आईचा आंबा, जिवंत, पानांसकट, आबांच्या मांडीवर! त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, तेही घरपोच.

आबांनी ती पालवी बोटानं उचलून पाहिली. बराच वेळ पाहिली. मला वाटलं आता दोष काढतील, शास्त्र काढतील. पण ते म्हणाले, "चांगलं हाये. पक्कं जुळलं." मग किटलीकडे बघितलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे मास्तर, उद्यापासून मले बीबीले जायची गरज नाही नं?"

"नाही ना आबा! सुटलात!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

आबाही हसले. पण त्यांच्या मिशा हसल्या नाहीत. फाट्यावर चढला तो उंच माणूस सीटवर कसा कोण जाणे लहान झाला होता. रोप त्यांनी असं धरलं होतं, जसं कोणी दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यावर धरावं.

मी गुलाबरावांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात पेढा होता, आणि तो चावायचं ते थांबले होते. त्यांनी पेढा गिळला, उठले, आणि आबांच्या मांडीवरचं रोप हिसकावून घेतलं.

"आणा इकडं. हे पाह्यलं का?" ते गाडीभर ओरडले. "पान वाकडं येऊन राह्यलं. हे नाही जगत."

"जगत नाही?" पाचरवाले चक्रावले. "अहो गुलाबराव, हिरवंगार..."

"तुम्ही कलमवाले का मी? आतून जुळलं नाही. चालत्या गाडीतलं काम हे. पोळ्यापर्यंत वाळते." आणि आबांकडे वळून, जीव जात असल्यासारखं म्हणाले, "आबा, तुमचं भेटच ठेवा. त्याचा भरवसा हाये."

पन्नास गावांत रोपं विकणारा माणूस. त्यानं भर गाडीत कबूल केलं, की आपलं कलम फसलं. भेटवाल्यांनी जल्लोष केला. उरलेले पेढे त्यांनी खाल्ले. आबांनी किटली उचलून मांडीवर घेतली, ताठ बसले आणि म्हणाले, "मी आधीच सांगतलं होतं." ते रोप पुढे गुलाबरावांच्या वाटिकेत जोमानं वाढलं. मी पाहून आलो आहे.

आबांची फेरी सुरू राहिली. पण कलम काही कोणासाठी थांबत नाही. पोळा झाला, गणपती आले. जोडाची जागा जाड होऊन सुतळीबाहेर फुगली होती. स्टँडवरून मलाही ते दिसत होतं, आणि मला झाडातलं काही कळत नव्हतं. आबांना विचारलं की म्हणायचे, "अजून कच्चं हाये." रोज कच्चं. त्या सुतळीखाली पुढच्या वर्षीचा मोहर धरला असता तरी आबांनी कच्चंच म्हटलं असतं. गाडीतलं कोणीही आता चेष्टा करत नव्हतं. पाचरवालेसुद्धा विचारायचे, "काय आबा, कच्चं?" आणि आबांनी मान हलवली की बरं वाटून खाली बसायचे.

एक दिवस गाडी बीबीला थांबली, आबा फाटक उघडून आत गेले. चंद्राबाई आज दारात नव्हती, आंब्याखाली माचापाशीच उभी होती. हातात विळा. गुलाबराव माझ्याशेजारी उभे होते, त्यांनी बशी खाली ठेवली.

तिनं सुतळी बोटानं चाचपली. म्हशीकडे बघितलं नाही. आबांकडे बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हे केव्हाचं जुळलं. आता काप. नाही कापलं त सुतळी आत रुतंन, दोघंही मरतीन."

आबा कुंडीलाही काही बोलले नाहीत.

"काप," तिनं विळा पुढे केला. "अन् उद्या दुसरी कुंडी घेऊन ये. त्या वरच्या फांदीले जागा हाये."

आबांनी वर पाहिलं. फांदी बरीच उंच होती.

"तिथं माच बांधाले लय दोर लागंन," ते म्हणाले.

"आत हाये. खुंटीवर. माह्या हाताले पोचत नाही. जा, काढ."

ती विळा घेऊन तिथंच उभी राहिली. आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, दारापाशी जरा थांबले, आणि वाकून आत गेले. तिनं पदरानं डोळे पुसले, मग आमच्या सगळ्यांकडे असं पाहिलं की आम्ही पटापट गाडीत चढलो.

मी घंटी मारली. रहीमभाईंनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, आणि आरशातून त्या दाराकडे पाहत राहिले. आबा अजून बाहेर आले नव्हते. खुंटीवरचा दोर काढायला एवढा वेळ लागत नाही. आतून चंद्राबाईचा आवाज आला, ती कधी आत गेली ते आम्हाला कळलंही नाही. पाठोपाठ आबांचा. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. दोघं एकाच वेळी बोलत होते, एवढं मात्र समजत होतं.

रहीमभाईंनी इंजिन बंद केलं.

"मास्तर," ते पुढे बघतच म्हणाले, "अभी थोडा रुकते हैं."

गाडीतलं कोणीही काऊन म्हणून विचारलं नाही.